दुकानात अकरा तास, पाणी एक ग्लास

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. मी जालन्याला एका कापड दुकानात साड्यांच्या काउंटरला आहे. वय ३६. सकाळी साडेनऊला घर सोडते, परत यायला रात्रीचे साडेआठ-नऊ वाजतात. दुकानात पाण्याचा जार आहे, पण आम्हा बायकांसाठी बाथरूम नाही. गल्लीच्या टोकाला सार्वजनिक शौचालय आहे. तिथली घाण बघून जाववत नाही, शिवाय गल्ल्यावर मालक बसलेले असतात, त्यांना सारखं ‘जाऊन येते’ म्हणायची लाज वाटते. म्हणून सकाळी चहा आणि एक ग्लास पाणी, दुपारी डब्याबरोबर दोन घोट, एवढ्यावर दिवस काढते. या वर्षात तीनदा उन्हाळी लागली. मेडिकलवाल्याने दिलेलं गुलाबी औषध घेतलं की बरं वाटतं, पण पुन्हा होतंच. एका डॉक्टरांनी ‘भरपूर पाणी प्या’ म्हणून सांगितलं, तेव्हापासून रात्री घरी आल्यावर दोन लिटरची बाटली संपवते. मग रात्रभर उठावं लागतं. मोबाइलवर कुणी आठ ग्लास सांगतं, कुणी चार लिटर. मिस्टर टेम्पो चालवतात, त्यांना मागच्या वर्षी मुतखडा झाला होता. सासरे ७० वर्षांचे आहेत, हृदय कमजोर आहे, त्यांना डॉक्टरांनी दिवसाला सव्वा लिटरच पाणी सांगितलंय. उन्हाळ्यात हे फार कमी वाटतं, म्हणून मी हळूच जास्त देते. मुलगी सातवीत आहे, ती शाळेतून बाटली भरलेलीच परत आणते. आमच्या घरात नेमकं कुणी किती पाणी प्यावं? आणि तांब्याच्या भांड्यातलं प्यावं का?
– एक वाचक, जालना

उत्तर :

ताई, तुमचं पत्र वाचताना एका वाक्यावर मी थांबले. सासऱ्यांना तुम्ही ‘हळूच जास्त’ पाणी देता. हे आजपासून बंद करा. बाकी सगळं त्यानंतर.

तुम्ही हे मायेपोटी करता, हे मला कळतं. मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाला मोजून पाणी द्यायचं म्हणजे जिवावर येतं. पण कमजोर हृदयाला रक्त पुढे ढकलायला त्रास होत असतो. मूत्रपिंडांपर्यंत रक्त कमी पोचतं आणि त्यांचा समज होतो की शरीरात पाणीच कमी आहे. मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतात. असं साठलेलं पाणी आधी घोट्यांवर सूज म्हणून दिसतं, नंतर फुप्फुसांत उतरतं, आणि मग रात्री आडवं झालं की धाप लागते, उशा वाढवाव्या लागतात. त्यांना लघवीची गोळी चालू असेल तर ती हेच पाणी बाहेर काढायला दिलेली असते. एकीकडे गोळी पाणी काढते आणि दुसरीकडे आपण ते भरतो.

सव्वा लिटर सांगितलं असेल तर त्यात सहसा चहा, दूध, ताक, वरणाचं पाणी, गोळ्यांबरोबरचे घोट हे सगळं धरायचं असतं. तरी पुढच्या वेळी डॉक्टरांना ‘यात काय काय मोजायचं?’ असं स्पष्ट विचारून घ्या. घरी एक सोपी पद्धत ठेवा. सकाळी एका बाटलीत सव्वा लिटर पाणी भरा. सासऱ्यांनी कपभर चहा घेतला की तेवढंच, एक कप पाणी त्या बाटलीतून काढून भाजीत किंवा झाडाला घाला. बाटलीत उरलं असेल ते त्यांच्या दिवसभराच्या हक्काचं. मोठ्या ग्लासऐवजी लहान वाटीने दिलं तर तेवढंच पाणी जास्त वेळा मिळतं आणि मनालाही बरं वाटतं. तोंड कोरडं पडलं की चूळ भरायला द्या, वेलदोडा किंवा लवंग चघळायला द्या. आणि त्यांची खरी तहान लोणच्या-पापडात आहे, ते कमी करा. मीठ कमी झालं की तहानही कमी होते.

रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्यांचं वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो किंवा त्याहून जास्त वाढलं तर ती चरबी नसते, साठलेलं पाणी असतं. लगेच डॉक्टरांना फोन करा. उलटंही होऊ शकतं. कडक उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या, उठताना चक्कर आली, लघवी अगदी कमी झाली, तर तेव्हाही त्याच दिवशी फोन करा. तेव्हा गोळी कमी करायची की पाणी वाढवायचं, हे ठरवणं त्यांच्या डॉक्टरांचं काम आहे. आपल्या मनाने ओआरएससुद्धा देऊ नका, कारण त्यात मीठ असतं.

आता तुमच्याकडे येते.

माझ्या दवाखान्यात संध्याकाळी बाजारपेठेतल्या बायका येतात. लघवी तपासायला डबी दिली की पहिलं उत्तर येतं, ‘मॅडम, आत्ता नाही यायची, सकाळपासून पाणीच कुठं प्यायले.’ वीस-पंचवीस मिनिटं बाहेर बाकावर बसून दोन ग्लास पाणी पितात, मग कशीबशी दोन-तीन चमचे लघवी डबीत येते, तीही कोऱ्या चहाच्या रंगाची. यांतल्या बऱ्याचजणींना पाण्याचं महत्त्व नव्याने सांगायची गरजच नसते. स्वतःच्या मुलांच्या मागे त्या बाटली घेऊन फिरत असतात. त्या पाणी पीत नाहीत कारण प्यायल्यावर जायचं कुठे, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं. तुमच्या आजाराचं मूळही मला तिथेच दिसतं. म्हणून ‘भरपूर पाणी प्या’ एवढंच सांगून मी तुम्हाला परत पाठवणार नाही.

आधी शरीरात काय होतं ते बघू. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं बहुतेक सगळं परत रक्तात घेतात. बाहेर पडते ती साधारण दीड लिटर लघवी. पाणी कमी मिळालं तर ती काटकसर करतात आणि अर्ध्या लिटरपर्यंत लघवी घट्ट करू शकतात. त्याहून कमी पाण्यात दिवसभराचा कचरा विरघळवून बाहेर टाकणं त्यांनाही जमत नाही. श्वासातून आणि त्वचेतून, घाम धरला नाही तरी, पाऊण-एक लिटर पाणी जातं. तुमचा एक ग्लास आणि दोन घोट यांत हा हिशेब बसत नाही. डब्यातली भाजी, वरण, सकाळचा चहा यांच्या जिवावर तुम्ही दिवस रेटताय.

उन्हाळी लागते म्हणजे बहुतेक वेळा मूत्राशयात जंतूंचा संसर्ग होतो. यातले बरेचसे जंतू आपल्याच आतड्यातले असतात, ई-कोलाय नावाचे. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम दीड इंचाचा असतो, त्यामुळे त्यांना आत शिरायला अंतर थोडंच पार करावं लागतं. दर तीन-चार तासांनी लघवी झाली की आत आलेले जंतू धुऊन निघतात. तुमच्या मूत्राशयात मात्र घट्ट लघवी अकरा तास साठून राहते आणि त्यांना वाढायला सगळा दिवस मिळतो. रात्री दोन लिटर प्यायल्याने दिवसाची ही भरपाई होत नाही, कारण शरीराला पाणी उद्यासाठी ठेवता येत नाही. जादा पाणी दोन-तीन तासांत लघवीवाटे निघून जातं. तुमची झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी दुकानात तेच हाल.

पाणी वाढवल्याने फरक पडतो का? पडतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वारंवार उन्हाळी लागणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. म्हणजे अगदी तुमच्यासारख्याच. निम्म्या जणींना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. जवळजवळ निम्मा त्रास केवळ पाण्याने टळला. 

आता मोबाइलवरचे आठ ग्लास आणि चार लिटर. आठ ग्लासांचं मूळ बहुधा १९४५ साली अमेरिकेतल्या अन्न आणि पोषण मंडळाने दिलेल्या शिफारशीत आहे. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं, असं त्यात म्हटलं होतं. पण तिथेच पुढे, यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं, असंही लिहिलं होतं. लोकांनी पहिलं वाक्य लक्षात ठेवलं आणि दुसरं सोडून दिलं. २००२ साली हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडतज्ज्ञाने आठ ग्लासांच्या नियमामागचा पुरावा शोधून पाहिला, निरोगी माणसाने आठ ग्लास प्यायलाच हवेत असं सांगणारा आधार त्याला मिळाला नाही. २०२२ साली २३ देशांतल्या ५,६०४ लोकांच्या शरीरात रोज किती पाणी येतं-जातं हे मोजलं गेलं, आणि माणसामाणसांत प्रचंड फरक दिसला. वय, वजन, काम, हवा, सगळ्याने आकडा बदलतो. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आपल्याकडच्या निरोगी माणसासाठी दोन लिटरच्या आसपास सांगते. सुरुवात करायला हा आकडा चांगला आहे. सगळ्यांनी पाळायचा कायदा म्हणून त्याकडे बघू नका. तुमच्याच घरात बघा ना, सव्वा लिटरवर थांबायला हवं असा माणूस आहे आणि तीन लिटर प्यायला हवा असाही आहे.

चार लिटरवाल्यांच्या मात्र मागे लागू नका. निरोगी मूत्रपिंडंसुद्धा तासाला लिटरभराच्या आत-बाहेर पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून भराभर पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो आणि फार झालं तर झटके येतात. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये धावून आलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा शंभरात तेरा जणांचं सोडियम घसरलेलं होतं. वाटेत गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने वजन वाढलेल्यांना हा धोका सगळ्यात जास्त होता. तुम्ही घरी आल्यावर किती वेळात दोन लिटर संपवता, ते लिहिलेलं नाही. अर्ध्या-पाऊण तासात संपवत असाल तर ते लगेच थांबवा.

तुमच्यासाठी दिवसाला दोन ते सव्वादोन लिटर पाणी पुरेल, उन्हाळ्यात अडीच-तीन. चहा, ताक, सरबत यात धरलं तरी चालेल. चहाने शरीरातलं पाणी कमी होतं ही समजूत चुकीची आहे, दोन-तीन कप चहातलं पाणी शरीराला मिळतंच. आता हे दिवसात बसवू. सकाळी सहाला उठल्या उठल्या दोन ग्लास. त्यातलं जादा पाणी स्वयंपाक होईस्तोवर, आठ-साडेआठपर्यंत निघून जाईल. न्याहारीबरोबर एक ग्लास, पण पावणेनऊच्या आत. घरातून निघायच्या पाच मिनिटं आधी, लागली नसली तरी जाऊन या. दुकानात लिटरची एक बाटली काउंटरखाली ठेवा आणि अर्ध्या-पाऊण तासाने दोन-तीन घोट घेत संध्याकाळी सहापर्यंत संपवा. घोटाघोटाने प्यायलेलं पाणी एकदम धावत बाहेर येत नाही. ग्लासभर एकदम प्यायलं की तासाभरात जावं लागतं, त्यामुळे ‘मी पाणी प्यायले की लगेच लागते’ असं वाटतं. घरी आल्यावर एक ग्लास, जेवणाबरोबर एक ग्लास किंवा ताक, आणि झोपायच्या आधी फक्त तहानेपुरतं. जेवताना पाणी प्यायल्याने पचन बिघडत नाही, तेही मनातून काढून टाका.

पहिले चार-सहा दिवस जास्त वेळा लागेल. नंतर सवय होते.

प्रमाण बरोबर आहे का, हे लघवीच्या रंगावरून कळतं. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद पिवळी, उग्र वासाची असेल तर पाणी कमी पडतंय. पाण्यासारखी पांढरी आणि तासातासाला जावं लागत असेल तर जरुरीपेक्षा जास्त होतंय. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांनी ती भडक पिवळी होते, बीट खाल्लं की गुलाबी, क्षयाच्या औषधाने नारिंगी. या रंगांचा पाण्याशी संबंध नसतो.

आता जायचं कुठे. अकरा तासांत, साधारण सव्वा तीन तासांनी एकदा धरलं, तर तीन वेळा जावं लागेल. प्रत्येकी दहा मिनिटं म्हणजे दिवसाला अर्धा तास. मालकांशी बोलताना हाच आकडा सांगा. एकटीने बोलू नका. काउंटरवरच्या सगळ्याजणी मिळून, गर्दी नसलेल्या वेळी, मंगळवारी-बुधवारी दुपारी बोला. ‘लाज वाटते’ असं तुम्ही लिहिलंय. माझं म्हणणं आहे की मालकीणबाई असतील तर त्यांच्याशी आधी बोला. माझ्या पाहण्यात असे काही दुकानदार आहेत ज्यांच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं, कारण त्यांचं घर दुकानाच्या वरच असतं. कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी जिन्याखालची मोरी साफ करून दार बसवून दिलं.

आणि हे उपकार मागणं नाही. २०१७च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात कामगारांसाठी पिण्याचं पाणी आणि शौचालय-मुतारीची सोय करण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना तो लागू होतो. तुमच्या दुकानात किती जण आहेत त्यावरून तुमचं दुकान त्यात बसतं का, ते जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारा. त्याच कायद्यात एक फार उपयोगाची तरतूद आहे. एका दुकानात जागा नसेल तर अनेक दुकानदार मिळून एकत्र सोय करू शकतात. कापडबाजाराच्या गल्लीला हे अगदी लागू पडतं. आठ-दहा दुकानांनी मिळून एक खोली, एक कुलूप, प्रत्येक दुकानात एक किल्ली आणि साफसफाईला एक बाई ठेवली तर दुकानामागे खर्च किरकोळ येईल.

सार्वजनिक शौचालयाचंही बोलून ठेवते. मुंबईत २०११पासून ‘राइट टू पी’ ही चळवळ बायकांच्या मुताऱ्यांसाठी भांडते आहे. डिसेंबर २०१५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर, रस्त्यावर वावरणाऱ्या स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांची योजना करा, असं महापालिकांना बजावलं. जालन्याची नगरपालिका २०२३मध्ये महापालिका झाली. बाजारपेठेतल्या तीस-चाळीस बायकांच्या सह्यांचा अर्ज आयुक्तांच्या नावाने गेला तर त्याला पोच मिळते आणि त्या पोचेवर पुढे विचारता येतं.

तोवर तुम्हाला त्या गल्लीच्या टोकाला जावंच लागणार. इथे तुमची एक भीती मला दूर करायची आहे, कारण तुमच्यासारख्या शेकडो बायका याच भीतीने लघवी तुंबवतात. घाणेरड्या शौचालयात गेल्याने उन्हाळी लागते, असं सगळ्याजणी मानतात. घाण किळसवाणी असते, तिथून जुलाबाचे जंतू हाताला लागू शकतात, म्हणून साबणाने हात धुवायलाच हवेत. पण मूत्राशयाच्या संसर्गाचे जंतू सहसा आपल्याच अंगावरून येतात, शौचालयाच्या लादीवरून नाही. त्या घाणीत पाच मिनिटं जाण्याने जेवढा धोका आहे, त्यापेक्षा कितीतरी जास्त धोका अकरा तास तुंबवण्यात आहे. पर्समध्ये साबणाच्या कागदी चकत्या आणि पाण्याची एक छोटी बाटली ठेवा. कमोड असेल तर अधांतरी उभं राहून उरकू नका, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. टिश्यू किंवा कागद टाकून बसा. भारतीय पद्धतीचं असेल तर उत्तमच. धुताना पाणी पुढून मागे जाऊ द्या. संबंधांनंतर लघवीला जाऊन या. सुगंधी वॉश वगैरे काही वापरू नका. पाळीच्या दिवसांत या तीन फेऱ्या पॅड बदलायलाही उपयोगी पडतील. अकरा तास एकच पॅड ठेवत असाल, असा माझा अंदाज आहे. पत्रात तुम्ही तसं लिहिलेलं नाही, चुकत असेन तर बरंच.

गुलाबी औषधाबद्दल. ते लघवीची आम्लता कमी करतं, त्याने जळजळ शमते. जंतू मरत नाहीत. म्हणून तीनदा बरं वाटलं आणि तीनदा परत झालं. धन्या-जिऱ्याचं पाणी, वाळ्याचं पाणी, सब्जा, बार्ली यांचा फायदा मुख्यतः त्यातल्या पाण्याचा आहे. आवडत असेल तर खुशाल घ्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. वर्षात तीनदा म्हणजे आता लघवीची साधी तपासणी पुरे नाही, कल्चर करायला हवं. कोणता जंतू आहे आणि कोणत्या औषधाने मरतो, ते त्यात कळतं. नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्या. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार डबीत धरा आणि डबी लगेच लॅबमध्ये पोचवा. सोबत उपाशीपोटी साखर तपासून घ्या, कारण मधुमेह असेल तर संसर्ग वारंवार होतो. डॉक्टर सोनोग्राफी सांगतील, ती करून घ्या. गोळ्या जितके दिवस सांगतील तितके दिवस घ्या. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या पुन्हा सुरू करू नका आणि शेजारणीच्या तर नाहीच.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणं, उलट्या किंवा लघवीतून रक्त, यातलं काही झालं तर त्या दिवशी दुकानात जाऊ नका. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो, तडक दवाखाना गाठा. दिवस गेले असतील तर साध्या जळजळीलाही थांबू नका.

मुलीची भरलेली बाटली परत येते, याची मला तुमच्या उन्हाळीइतकीच काळजी वाटते. तिला रागावू नका. एकदा शांतपणे विचारा, ‘शाळेत बाथरूमला जातेस का?’ मला वाटतं तीही तुमच्यासारखंच करतेय. कडी नसेल, पाणी नसेल, वर्गातून जाऊ देत नसतील, किंवा मधल्या सुट्टीत रांगेत तिचा नंबर येईपर्यंत घंटा होत असेल. सातवीतली मुलगी म्हणजे पाळी आली असेल किंवा येण्यात असेल. आत्ता लघवी आणि शौच तुंबवायची सवय लागली की बद्धकोष्ठ, पोटदुखी आणि तुमच्यासारखी उन्हाळी मागे लागते. पालकसभेला जा. तुम्हाला सुट्टी मिळत नसेल तर मिस्टरांना पाठवा, हे काम बापानेही करावं. मुलींच्या बाथरूमला कडी, बादली आणि पाणी एवढ्या तीनच मागण्या मांडा. केरळात २०१९मध्ये शाळांत दिवसातून ठरावीक वेळी ‘पाण्याची घंटा’ सुरू झाली, घंटा झाली की सगळ्या मुलांनी दोन घोट प्यायचे. वर्गशिक्षिकेला सुचवून बघा, यात खर्च काहीच नाही. पण कडी आणि बादली आधी, घंटा नंतर. तिला दिवसभरात सहा-सात ग्लास पुरेत. घरी आल्यावर फ्रीजमधलं कोल्ड्रिंक नको. काकडी, कलिंगड, ताक द्या. काकडी-कलिंगडात शंभरातले नव्वदच्या वर भाग पाणीच असतं.

मिस्टरांचं गणित वेगळं आहे. त्यांनी किती पाणी प्यायचं यापेक्षा किती लघवी व्हायला हवी, हे महत्त्वाचं. एकदा खडा झाला की पुन्हा होण्याची शक्यता असते. इटलीत पहिल्यांदा खडा झालेल्या १९९ जणांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं, तो अभ्यास १९९६ला आला. दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी पिणाऱ्यांत शंभरातल्या १२ जणांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत २७ जणांना. म्हणून सुट्टीच्या एका दिवशी त्यांना सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी लघवी लिटरच्या जुन्या बाटल्यांत मोजायला सांगा. हसतील, पण करू देत. दोन-अडीच लिटर भरली तर ठीक. उन्हाळ्यात टेम्पोच्या केबिनमध्ये घामाने इतकं पाणी जातं की यासाठी त्यांना तीन-साडेतीन लिटर प्यावं लागेल, तेही दिवसभरात वाटून. रात्री झोपताना एक ग्लास त्यांनी घ्यावा, तुम्हाला मी नको म्हटलं तो. रात्री लघवी घट्ट होते आणि खडा धरायला तीच वेळ सोयीची. लिंबूपाणी चांगलं, त्यातलं सायट्रेट खड्याला अडवतं, फक्त मीठ-साखर बेताची. दूध-दही बंद केलं असेल तर पुन्हा सुरू करा. खड्यात कॅल्शियम असतं म्हणून लोक दूध सोडतात, पण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला, म्हणजे खड्यातल्या दुसऱ्या घटकाला, धरून ठेवतं आणि खड्याची शक्यता कमी करतं.

तांब्याच्या भांड्याचं विचारलंत. रात्रभर तांब्यात ठेवलेल्या पाण्यातले काही जंतू मरतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. त्याने वजन कमी होतं किंवा खडा विरघळतो, असं काही नाही. आवडत असेल तर सगळ्यांनी प्या. सासऱ्यांनी मोजलेल्या सव्वा लिटरातच. भांडं चिंचेने किंवा लिंबाने घासून आतून लख्ख ठेवा, हिरवट डाग पडलेल्या भांड्यातलं पिऊ नका, आणि त्यात ताक किंवा लिंबू सरबत कधीही ठेवू नका. आंबट पदार्थाने तांबं उतरतं आणि मळमळ-उलट्या होतात. मिस्टरांचं लिंबूपाणी स्टीलच्या बाटलीत द्या.